प्रयोग संपल्यावर शेळी कुठे जाते?



आत येताना दारात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "साहेब, धानाचं चुरणं अर्धं टाकून आलो जी. पण पत्रिकेवरचा तुमचा विषय काही समजला नाही." पत्रिका मीही पाहिली. 'पशुसंशोधनातील निगा व नियमपालन'. मला तरी कुठे समजला! परिपत्रकाचा मथळा वाटतो. म्हणून आधी साध्या भाषेत सांगतो. शास्त्रज्ञ गाई, म्हशी, शेळ्यांवर प्रयोग करतात. प्रयोग चालू असताना त्या ढोराकडे कोण बघतं? कायदा त्याबद्दल काय म्हणतो? आणि प्रयोग संपला की ते ढोर जातं कुठे? बस, एवढाच विषय.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांचं नाव माझ्यामागच्या फलकावर आहे. पण या पंचक्रोशीत त्यांना नावानं कोण हाक मारत होतं? सगळ्यांचे ते 'डॉक्टरसाहेब'. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या हाताखाली पहिली दोन वर्षं काढली. बुळकांडीच्या लसीचे दिवस होते. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात लस, थर्मास सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेला. तुमसरहून आणलेला बर्फ आखरावर पोचेपर्यंत निम्मा पाणी झालेला असायचा. गुरं जंगलाकडे सुटण्याच्या आत पोचायचं, म्हणजे पहाटेच निघायचं. आखरावर गायकी एकेक ढोर धरून द्यायचा आणि डॉक्टरसाहेब टोचायचे. त्यातले एक गायकीमामा आज पहिल्या रांगेत बसलेले आहेत, बघा. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. (माझ्याही होत्या.)

डॉक्टरसाहेबांची एक सवय मला तेव्हा कळत नसे. लस टोचल्यावर तिसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच गावी जायचे. त्याचा भत्ता मिळत नव्हता, वरून कोणी विचारतही नव्हतं. आखरावर उभं राहून नुसती गुरं बघायचे. कोण रवंथ करतं, कोण कान पाडून उभं आहे, कोणाच्या मानेला गाठ आली. मी एकदा विचारलं, "साहेब, लस तर झाली, आता काय बघायचं?" म्हणाले, "माझं काम मी केलं. आता ढोराचं काय झालं ते बघायला नको?"

आज मी जे बोलणार आहे ते या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

आता ती लस आली कुठून? बुळकांडीनं गावंच्या गावं ओस केली होती. ढोरं मेली की नांगर थांबायचा, नांगर थांबला की माणसं मरायची. इंग्रज सरकारनं त्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ चा आहे. पुढे डिसेंबर १८८९ मध्ये एक प्रयोगशाळा निघाली. कुठे? आपल्या पुण्यात! इम्पिरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी. अल्फ्रेड लिंगार्ड नावाचे तिचे पहिले प्रमुख. पण पुण्यासारख्या भरवस्तीत इतक्या संसर्गजन्य रोगाचे जंतू सांभाळायचे म्हणजे गवताच्या गंजीत चूल मांडण्यासारखं. म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, तिचं मूळ हे. या देशात पशुसंशोधनाचा पहिला मोठा निर्णय कोणता, असं कोणी विचारलं तर मी हा सांगतो: प्रयोगामुळे बाहेरच्या ढोराला धोका होऊ नये म्हणून प्रयोगशाळाच उचलून डोंगरावर नेली. तेव्हा प्रयोगांसाठी कायदा नव्हता, समिती नव्हती.

मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या संशोधकानं बुळकांडीचा विषाणू शेळीच्या अंगात घातला. त्या शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत, असा शेकडो वेळा. होता होता विषाणू गुरांसाठी सौम्य झाला आणि लस तयार झाली. लाखो गुरं वाचली. कशावर? शेळ्यांवर. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी बुळकांडीचा विषाणू काचेच्या भांड्यात, पेशींमध्ये वाढवून लस केली आणि त्या कामात शेळीची गरजच उरली नाही. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ ची, देश रोगमुक्त जाहीर झाला २००६ साली, आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडी गेली. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. कारण या विषयावर बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मुक्या जिवावर प्रयोग म्हणजे पाप, बंद करा. दुसरा म्हणतो, माणसाचं पोट आधी, ढोराचं दुखणं मागाहून. मी दोघांतही बसत नाही. बुळकांडीत मेलेली ढोरं ज्यानं पाहिली तो प्रयोग बंद करा म्हणणार नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. अंगभर गाठी आलेले बैल तुम्ही पाहिले, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून घ्यायला तुम्हीच रांगा लावल्या. लस काम करते की नाही हे ठरवायला कुठेतरी काही वासरांना लस देऊन नंतर मुद्दाम रोग द्यावा लागतो. दुसरा मार्ग अजून पुरता सापडलेला नाही. मग त्या वासराचं आपण काही देणं लागतो की नाही?

इथे कायदा येतो.

हा कायदा तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणू नका! शंकरपटाच्या निमित्तानं या जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही तो पाठ झाला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या त्या याच कायद्यानं. मग राज्यानं दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती मान्य केली. पट पुन्हा भरू लागले. कोण बरोबर, कोण चूक, यात मी आज शिरत नाही. शिरलो तर इथेच पट भरेल. पण कायद्याचं हे एक पान सगळ्यांनी वाचलं आणि पुढचं पान कोणी उलटलंच नाही.

पुढचं पान म्हणजे चौथं प्रकरण, कलम १४ ते २०. प्राण्यांवरचे प्रयोग. कायद्याचं मूळ एका बाईच्या हट्टात आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नेमल्या गेल्या आणि त्यांनी खासगी विधेयक मांडलं. पंडित नेहरूंनी त्यांना ते मागे घ्यायला लावलं, पण सरकार स्वतः कायदा आणेल असा शब्द दिला. तो पाळला जायला १९६० उजाडलं.

हा कायदा प्रयोगांना बंदी करत नाही. कलम १४ सरळ सांगतं की ज्ञानासाठी, रोग हटवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी केलेला प्रयोग बेकायदा नाही. पण पुढे अटी घालतो. दुखणार असेल तर भूल द्या. पुस्तक, प्रतिकृती, फिल्म यांनी काम भागत असेल तर जनावर वापरू नका. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नका. प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर जनावराची नीट निगा राखा. नोंदी ठेवा. 'प्रयोगानंतर' हा शब्द १९६० पासून कायद्यात आहे, मंडळी. लक्षात असू द्या, मी तिकडे परत येणार आहे.

आणि 'प्राणी' म्हणजे कोण? कायदा म्हणतो, माणूस सोडून कोणताही सजीव. म्हणजे पांढरा उंदीरही आला आणि तुमच्या कोठ्यातला बैलही आला.

यात विशेष काय, असं वाटेल. अमेरिकेकडे बघा. तिथे १९६६ चा प्राणी कल्याण कायदा आहे, पण शेती सुधारण्याच्या संशोधनात वापरलेली गाय, मेंढी, डुक्कर त्याच्या कक्षेबाहेर. नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर इथे सरकारचं मोठं पशुसंशोधन केंद्र आहे. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं तिथली हकीगत छापली. गाईला जुळी व्हावीत म्हणून वर्षानुवर्षं प्रयोग, आणि त्यात अशक्त, वेडीवाकडी जन्मून मेलेली वासरं. मेंढ्यांनी माणसाच्या मदतीशिवाय उघड्या रानात वियावं असा प्रयोग, आणि रानात टाकून दिलेली कोकरं. केवढा गदारोळ झाला! पण बोट ठेवायला कायद्यात कलमच नव्हतं. श्रीमंत देश, नामांकित शास्त्रज्ञ, आणि गाय कायद्याबाहेर. आपल्याकडे निदान गाय कायद्याच्या आत आहे.

आत आहे खरी, पण कशी? याच प्रकरणातलं कलम २० काढा. प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीचा आदेश मोडला तर दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. आज दोनशे रुपयांत सरकीच्या ढेपेचं पोतंसुद्धा येत नाही.

तर, केंद्रात एक समिती आहे, सीसीएसईए तिचं आजचं लघुनाम. १९६४ मध्ये स्थापन झाली, मग बराच काळ निजली, १९९८ मध्ये मनेका गांधींच्या काळात जागी झाली आणि त्याच वर्षी नियम आले. जनावरांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेनं नोंदणी करायची. प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती हवी. संशोधकानं 'नमुना ब' मध्ये लिहून द्यायचं: कोणतं जनावर, किती, कशासाठी, किती दिवस, वेदना किती, शेवट काय. २००६ च्या दुरुस्तीनंतर 'प्रयोग' या शब्दाची व्याप्तीही वाढली. औषधासाठी जनावराच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार करून काढणं हेसुद्धा त्यात आलं.

हे शेवटचं तुम्हाला दूरचं वाटतंय का? परह्याच्या दिवसांत, धुऱ्यावर पाय पडला आणि मण्यार डसली, तर सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते येतं घोड्याच्या रक्तातून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, त्याचं रक्त प्रतिकार शिकतं, मग ते काढून त्यातून औषध होतं. आपल्या राज्यात हाफकिन हे काम करत आलं आहे. धानाच्या बांधीत वाचलेला प्रत्येक माणूस कुठल्यातरी घोड्याचा ऋणी आहे. त्या घोड्याला टोचलेल्या जागी गळू होतात का, रक्त किती दिवसांनी आणि किती काढतात, म्हातारा झाला की त्याला काय देतात, हे विचारण्याचा हक्क भंडारा जिल्ह्यातल्या धानकऱ्याइतका कोणाला आहे?

नीतिसमितीकडे वळतो. तिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो, केंद्राचा प्रतिनिधी असतो. आणि एक माणूस असा असतो जो शास्त्रज्ञ नाही, पण समाजाचं भान असलेला आहे. मी अशा एका समितीवर पशुवैद्य म्हणून काही वर्षं होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. आमच्याकडे या शेवटच्या जागेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या दोन बैठका गप्प बसल्या. चहा यायचा, बिस्किटं यायची, सह्या व्हायच्या. तिसऱ्या बैठकीत चोवीस शेळ्यांवरच्या जंतनाशकाचा प्रस्ताव होता. तक्ते सुरेख, आकडेमोड चोख. आम्ही मान डोलावणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "प्रयोग संपल्यावर या शेळ्या कुठे जाणार?"

संशोधक म्हणाला, "मॅडम, तो आमच्या अभ्यासाचा भाग नाही."

"मग कोणाच्या अभ्यासाचा भाग आहे?"

खोलीत शांतता. मी पशुवैद्य, वीस वर्षं नोकरी झालेला, मला हा प्रश्न सुचला नव्हता. खोदून विचारल्यावर कळलं की आधीच्या एका प्रयोगातल्या शेळ्या लिलावात गेल्या होत्या. लिलावातून शेळी कुठे जाते हे तुम्हाला मी सांगायला हवं का? रविवारच्या दुकानात. अंगात औषध असलेल्या जनावराचं मांस किंवा दूध किती दिवस वापरायचं नाही याचा हिशेब असतो, प्रत्येक औषधाचा वेगळा. तो पाळला गेला होता का? कागदावर काहीच नव्हतं. बाईंनी प्रश्न शेळीचा विचारला आणि उत्तर आमच्या ताटात येऊन पडलं. प्रस्ताव परत गेला. पुढच्या बैठकीत एक जादा पान जोडून आला: शेळ्या संस्थेच्या कळपात जातील, औषध उतरायचे दिवस पुरे झाल्याशिवाय विक्री नाही, आणि त्या काळातल्या चाऱ्याचा खर्च प्रयोगाच्याच पैशातून. एक पान! पण ते मागणारं माणूस खोलीत असावं लागतं.

विज्ञानाच्या जगात १९५९ पासून तीन गोष्टी सांगतात, रसेल आणि बर्च या दोन इंग्रजांच्या पुस्तकापासून. जनावराऐवजी दुसरा मार्ग शोधा, लागलंच तर कमीत कमी घ्या, आणि घेतलंत तर त्याचा त्रास कमी करा. आपल्या देशानं त्यात चौथी जोडली: पुनर्वसन. प्रयोगातून सुटलेल्या जनावराची पुढची सोय. या चौथ्या गोष्टीचा मला अभिमान वाटतो. आणि चीडही तिच्यावरूनच येते, कारण सगळ्यात कमी पाळली जाते ती हीच. त्यात आपल्या राज्यात २०१५ पासून गोऱ्हा, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे प्रयोगासाठी घेतलेला गोऱ्हा संस्थेला आयुष्यभर पोसायचा आहे किंवा पोसणारा शोधायचा आहे. पंधरा वर्षांचा चारा! प्रस्तावात तीन वर्षांचा खर्च धरतात. उरलेली बारा वर्षं कोण धरणार? गोशाळेच्या दारात नेऊन बांधलं की झालं पुनर्वसन?

आता थोडं माझ्याबद्दल. दुसऱ्यांकडे बोट दाखवून झालं.

शिकत असताना एका प्रयोगासाठी मी शेळ्यांचं रक्त काढत असे, मानेच्या शिरेतून. एका बकरीची शीर मला सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं. सहा वेळा. तिला धरून बसलेला चाकर माझ्यापेक्षा तिपटीनं मोठा. तो बोलला काही नाही, तिच्या डोळ्यावर हात ठेवून बसला. सातव्यांदा सुई उचलली तेव्हा म्हणाला, "बाबू, उद्या काढा ना." मी काढलं. मला तक्ता पुरा करायचा होता. तो तक्ता माझ्या प्रबंधात आहे, त्यावर मला पदवी आहे. आज कोणी माझ्या समितीसमोर असं केलं तर मी प्रयोग थांबवीन. तेव्हा मला थांबवणारा एकच माणूस होता, आणि त्याला थांबवण्याचा अधिकार नव्हता.

इथे मी जरा थांबणार आहे. कारण सगळी नियमावली चाळली तर शास्त्रज्ञ सापडतो, पशुवैद्य सापडतो, अध्यक्ष सापडतो. पहाटे गव्हाणीत तणस टाकणारा माणूस नेमका कुठे आहे? जनावर आजारी आहे हे सगळ्यात आधी कळतं त्याला. म्हशीनं ढेप उष्टी टाकली, शेळी कळपातून मागे राहिली, वासरानं कास सोडली. हे थर्मामीटरला संध्याकाळी कळतं, त्याला सकाळीच कळलेलं असतं. एका ठिकाणी मी तपासणीला गेलो होतो. गोठ्याबाहेर खिळ्याला वही टांगलेली. रोजचं तापमान, पाणी, चारा, सही. अक्षर सुरेख. वार शुक्रवार होता. मी पान उलटलं, तर शनिवार आणि रविवारच्या नोंदीही भरलेल्या! शनिवारी सकाळी साडेआठ वाजता म्हशींनी पाणी प्यायलेलं होतं, शुक्रवारी दुपारीच. नियमपालन शंभर टक्के. हसू नका. मे महिना होता, आपल्याकडचा मे, पंचेचाळीसच्या पुढचा. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, तिला डुंबायला पाणी लागतं, निदान अंगावर तरी लागतं. सुट्टीच्या दोन दिवसांत ते कोण मारणार होतं? रोजंदारीच्या माणसाला सुट्टीच्या दिवसांचा रोज मंजूर नव्हता, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं वही आधीच भरून ठेवली. मी त्याला बोललो नाही. ज्यानं तो रोज मंजूर केला नव्हता त्याच्या टेबलावर ती वही नेऊन ठेवली.

असंच दुसरं एक दृश्य. चाऱ्यावर संशोधन करणाऱ्या संस्थांत काही बैल असे असतात की त्यांच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेनं भोक पाडून रबरी बूच बसवलेलं असतं. बूच काढलं की थेट पोटात हात जातो. आपल्याच धानाचं तणस नायलॉनच्या पिशवीत घालून आत सोडतात, ठरावीक तासांनी काढतात आणि किती पचलं ते मोजतात. तणसात सिलिका फार, पचायला जड. त्यावर काय प्रक्रिया करावी हे अशा बैलांनीच आपल्याला शिकवलं. नीट सांभाळला तर असा बैल वर्षानुवर्षं मजेत रवंथ करत जगतो, मी पाहिले आहेत. पण बुचाच्या कडेनं रस पाझरतो. रोज धुवावं लागतं, पुसावं लागतं, मलम लावावं लागतं. पावसाळ्यात चार दिवस कोणी बघितलं नाही तर माशी बसते आणि अळ्या पडतात. त्या बैलाचं सुख-दुःख नमुना ब मध्ये ठरत नाही. ते ठरतं कापूस आणि कोमट पाण्याची बादली घेऊन कोणी येतं की नाही, यावर.

आणि आता तुमच्या कोठ्यात येतो. कारण सगळे प्रयोग संस्थेत होत नाहीत. शेतावरच्या चाचण्या असतात. गाडी येते, साहेब येतात, दहा शेतकरी निवडतात, फोटो निघतो. चांगलं काम आहे, मी आयुष्यभर तेच केलं. पण संस्थेच्या फाटकाच्या आत ज्या जनावराला समिती, नमुना, पशुवैद्य, नोंदवही, सगळं असतं, ते सगळं फाटकाबाहेर येईपर्यंत पातळ होत जातं. सुई तीच, औषध तेच, प्रश्न तोच. आत जे 'प्रयोगाचं जनावर', बाहेर तेच 'लाभार्थ्याचं जनावर'.

अशाच एका चाचणीत मी होतो. तणसावर युरियाची प्रक्रिया. तुमच्यातल्या कित्येकांनी केली असेल: शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून झाकायचं, तीन आठवड्यांनी उघडायचं. तणस मऊ होतं, ढोर आवडीनं खातं. पद्धत उत्तम. पण युरियाचं पाणी ढोरानं प्यायलं तर विष. त्या दिवशी आमचं शिंपडून झालं, जेवायला गेलो, आणि ड्रमाच्या तळाशी उरलेलं पाणी तसंच उघडं राहिलं. उन्हात तहानलेल्या कालवडीनं त्यात तोंड घातलं. आम्ही परतलो तेव्हा ती थरथरत होती, पोट फुगलेलं, तोंडाला फेस. थंड पाणी आणि व्हिनेगर पाजायचं असतं. गावात व्हिनेगर कुठून आणणार? दुपार टळायच्या आत गेली.

अहवालात त्या कालवडीची एक ओळ आहे: 'एक जनावर चाचणीतून वगळण्यात आले.' शेतकऱ्याला मी ती ओळ वाचून दाखवली, कारण भरपाईसाठी त्याला कागद हवा होता. तो म्हणाला, "साहेब, मोजणीतून काढली ते ठीक. पण ते माह्या कोठ्यातून बी गेली ना जी."

भरपाईचं कलम नव्हतं. कोणी लिहिलंच नव्हतं. आम्ही चौघांनी पगारातून पैसे काढून दिले आणि विषय मिटवला. त्याची आज मला लाज वाटते. पैसे दिले याची नाही, मिटवला याची.

त्याच गावातल्या एका म्हातारीचं वाक्यही माझ्या डोक्यातून जात नाही. जंताच्या औषधाची चाचणी होती. तलावाकाठी चरणारी गुरं, गोगलगायींतून येणारा यकृतातला पर्णकृमी, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबलेली. बोडीशेजारच्या माणसाला हे काय सांगायचं. चाचणीत निम्म्या गुरांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही, म्हणजे फरक कळतो. म्हातारीची गाय 'नाही'मध्ये पडली. "माह्या गाईले काऊन नाही देला जी?" मी तिला तुलना म्हणजे काय ते समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तुम्हाले कळावं म्हून हिनं बिमार राहाचं." याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर आहे: 'नाही'मधल्या जनावराची तब्येत ठरलेल्या पातळीखाली गेली की त्याला चाचणीतून काढून औषध द्यायचं, आणि ही पातळी चाचणी सुरू होण्याआधी कागदावर लिहायची. आज मी हे कोणालाही सांगतो. त्या दिवशी आमच्या कागदावर ती पातळी नव्हती. गाय वाचली, कारण डॉक्टरसाहेबांसारखं मी तिसऱ्या दिवशी जाऊन बघितलं आणि नियम मोडून तिला औषध पाजलं. माझा तक्ता बिघडला. वरून विचारणा झाली.

म्हणून तुमच्या दारात चाचणीची गाडी आली की फोटोआधी चार गोष्टी विचारा. माझं ढोर औषधाच्या गटात की बिनऔषधाच्या? बिघडलं तर रात्री कोणाला फोन करू, आणि तो उचलेल का? मेलं तर काय, हे कुठे लिहिलंय? दूध किती दिवस घरात आणि डेअरीवर द्यायचं नाही? साहेब चिडले तर चिडू द्या. चांगला संशोधक चिडत नाही, खिशातून कागद काढून दाखवतो. असे संशोधक आहेत, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहेत. पूर्व विदर्भातल्या आपल्या कठाणी गुरांची जात म्हणून अधिकृत नोंद अलीकडेच झाली. चिखलणीत गुडघाभर गाळातून चालणारी ती लहान चणीची ढोरं. आता तिचा अभ्यास करायला माणसं येणार, मोजमापं घेणार, रक्त नेणार. येऊ द्या. पण त्यांच्याबरोबर तो कागदही येऊ द्या.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं, तेव्हा थांबतो. प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटं ठेवली आहेत असं संयोजक सांगतात. पहिला प्रश्न गायकीमामांचा. मघाशी मी युरियाच्या ड्रमाचं सांगत होतो तेव्हा त्यांनी हात वर केला होता, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. मामा, उठू नका, बसूनच बोला. माईक जरा त्यांच्याकडे द्या.